नवरीचा शालू कुणाच्या बिलात

बस्त्याचं बिल कुणी गपचूप भरत न्हाई. लातूरच्या कापडदुकानात बिलाच्या काउंटरला बसून मला तीन वर्षं झाली. त्यात गपचूप भरणारा एकच माणूस बघितला.

बस्ता म्हणजे लग्नाची कापडखरेदी. आमच्याकडं ती दोन-चार माणसं जाऊन उरकत न्हाईत. नवरीकडचे अन् नवरदेवाकडचे मिळून तीस-पस्तीस जण एकाच दिवशी एकाच दुकानात शिरतात. बाया गादीवर बसून साड्यांचा ढीग करतात, माणसं चहावर चहा पितात, लेकरं आरशापुढं नाचतात, अन् एखादं म्हातारं कोपऱ्यात गठ्ठ्याला टेकून घोरतं. सकाळी दहाला आलेली माणसं चारला उठतात. मंग सगळी काउंटरला येतात अन् खरा बस्ता तिथं सुरू होतो. "वरचे दोन हजार सोडा." "आमच्या साडूला बॅग दिली, आम्हाला का न्हाई?" "ह्या पोराला काय कळतंय, मालकाला बोलवा!"

हे पोरगं म्हणजे मी.

मला राग येत न्हाई, कारण ह्या आवाजांवरच माझं पोट भरतं. पगार बिलाचा मिळतो, पण दुकानात माझी किंमत हाय ती नकलांमुळं. उदगीरची काकू नाकातून "जास्तीचं सांगू नको रे" कसं म्हणते, औशाचे गुरुजी ओठ हलवत टोटल कशी तपासतात, सगळं मी जेवणाच्या सुट्टीत करून दाखवतो. सगळ्यात जास्त मागणी आमच्या मालकांना. त्यांना सगळे आप्पा म्हणतात. कपाळाला भस्माचे तीन पट्टे, अन् हातात माईक आला की आधी तीनदा फुंकणार, मंग "हां... हां... ऐका" म्हणणार, अन् प्रत्येक वाक्याच्या शेवटी खोकणार. शाळेत असताना मी हेडमास्तरांचा आवाज काढून अख्खी शाळा अर्धा तास आधी सोडली होती. त्या मानानं आप्पा सोपे हायेत.

तर काम असं. गादीवर चाचा बसतात. तीस वर्षं ह्याच दुकानात हायेत, कापडाला हात लावला की सूत सांगतात. साडी पसंत पडली की चाचा तिथून ओरडतात, कापड माझ्याकडं येतं, मी त्याची चिठ्ठी मशीनपुढं धरतो, पीं वाजतं, बिलात ओळ चढते. पण बस्त्यात दोन बिलं एकदम चालू असतात, एक नवरीकडचं, एक नवरदेवाकडचं. मला सारखं एक थांबवून दुसरं उघडावं लागतं. अन् चाचा ओरडतात ते कापड कोण घालणार त्याचं नाव. पैसे कोण देणार ते माझं मी समजायचं.

तिथंच सगळी मेख हाय. आमच्याकडं नवरीच्या अंगावरचं सगळं नवरदेवाकडून येतं. हळदीच्या साडीपासून शालूपर्यंत. अन् नवरदेवाचा सूट, शेरवानी, अगदी मोजेसुद्धा नवरीचा बाप घेतो. मानपानाच्या साड्या, टॉवेल, टोप्या, घरच्यांचे कपडे ज्याचे त्याच्या बिलात. मी कामाला लागलो त्या दिवशी चाचांनी माझा कान धरून सांगितलं होतं, "बेटा, बस्ते में उल्टा चढाना. दुल्हन बोला तो दूल्हे का बिल. भूलना नक्को."

तीन वर्षं भुललो न्हाई.

त्या दिवशी नवरदेव नांदेडचा होता, नवरी चाकूरची. नांदेडवाल्यांचा कारभार नवरदेवाच्या मामाच्या हातात. पांढरा शर्ट, खिशात दोन पेन, अन् कुठलंही वाक्य "आमच्या नांदेडात" म्हणल्याबिगर सुरू होत नव्हतं. "आमच्या नांदेडात ही साडी निम्म्यात मिळती." "आमच्या नांदेडात चहाला येवढा उशीर न्हाई लागत." एकदा पंख्याकडं बघून म्हणाले, "आमच्या नांदेडात हवा जास्त लागती."

नवरीचा बाप ह्याच्या अगदी उलटा. चाकूरात मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान. हात घासून घासून धुतलेले, तरी नखांच्या कडा काळ्याच. साडीला हात लावायच्या आधी ते बोटं पँटीला पुसायचे. माझ्याशी एकदाच बोलले. सकाळी हळूच येऊन विचारलं, "दादा, आमच्याकडचं पासष्ट हजारात बसंल न?" मी अंदाज घेतला, मानपान, घरचं, नवरदेवाचं. म्हणलं, "बसंल काका, आरामात." त्यांनी मान हलवली अन् कापडी पिशवी मांडीखाली घेऊन बसले.

दुपारी दोनच्या सुमाराला आप्पा घरी जेवायला गेले. आप्पा गेले की मी सुटतो. पॅकिंगच्या टेबलावरच्या दोघी ताया मला म्हणाल्या, "मामा कर की रे." मी मामा केला. दोन पेनं खिशात खोवली, मान वर केली, "आमच्या नांदेडात गठ्ठा असा न्हाई बांधत, आमच्या नांदेडात गठ्ठा स्वतःहून बांधला जातो!" दोघी तोंडात पदर कोंबून हसून राहिल्या. तेवढ्यात चाचांनी गादीवरून आवाज दिला, "नवरीचा शालू! नवरीच्या चार साड्या!" मागोमाग, "नवरदेवाचा सूट, शेरवानी, शर्ट-पँट!" मी मामाच्या आवाजातच "येऊ द्या, येऊ द्या" म्हणत पीं, पीं, पीं चढवत गेलो. नवरीचं नवरीच्या बिलात. नवरदेवाचं नवरदेवाच्या बिलात. शाळेत शिकवतात तसं, सरळ.

मला कळलंसुद्धा न्हाई.

नांदेडवाल्यांचं बिल आधी छापलं. छप्पन हजार पाचशे. मामांनी चष्मा लावला अन् ओळीन् ओळ नखानं खरवडत वाचली. टॉवेल एकवीस का वीस म्हणून गठ्ठा सोडून तीनदा मोजायला लावले. मंग एकदम चष्मा काढून म्हणाले, "ठीक हाय," अन् फोनवरून पैसे टाकले. वरचे पाचशे पण मागितले न्हाईत. मला वाटलं, दमलं असंल बिचारं. गठ्ठे घेऊन नांदेडवाले बाहेर त्यांच्या गाडीकडं गेले.

मंग चाकूरचं बिल. सत्त्याऐंशी हजार पाचशे पन्नास.

काकांनी कागद हातात घेतला. वरची एक ओळ वाचली, मंग खालचा आकडा बघितला. मंग परत वरची ओळ. चेहरा असा झाला की कुणी कानात काहीतरी सांगून गेलंय. मी वाटच बघून राहिलो होतो की आता म्हणतील, "पासष्ट म्हणला होतास न रे?" त्यांनी पिशवीतून पासष्ट हजार काढले, माझ्यापुढं ठेवले. आजूबाजूला बघितलं अन् काउंटरवर वाकून म्हणाले,

"दादा, ह्यातलं तीन कमी करा. माझ्या मालकिणीची साडी, धाकटीचा घागरा, अन् माझा ड्रेस. बाकीचे मेहुण्याकडून फोनवर मागवतो. तेवढं... बाया बाहेर येस्तोवर काढून ठेवा. कुणाला बोलू नका."

"का हो काका?"

"आता त्यांची इच्छा हाय म्हणल्यावर," ते बाहेरच्या गाडीकडं बघत म्हणाले, "आपण काय बोलायचं? लेक द्यायची हाय."

कुणाची इच्छा? कसली? मला टोटल लागंना. छापलेलं बिल बदलायला आप्पांचा पासवर्ड लागतो, म्हणून म्हणलं आप्पा येईस्तोवर तीन ओळी शोधून तरी ठेवू. बिल स्क्रीनवर उघडलं.

सगळ्यात वरची ओळ. शालू, नग एक.

खाली नवरीच्या चार साड्या. मिळून एक्केचाळीस हजार तीनशे पन्नास, बापाच्या डोक्यावर. नवरदेवाचं बिल उघडलं, तिथं नवरदेवाचाच सूट, शेरवानी, सतरा हजार नऊशे. अदलाबदल. वजाबाकी करायला मी कॅलक्युलेटर ओढला. चाचा मागून येऊन उभे राहिले अन् पडद्यावर बघून पुटपुटले,

"तेवीस हजार साडेचारशे. ये क्या करको रखा रे तू?"

"चाचा, त्यांना वाटून राहिलंय नांदेडवाल्यांनी शालू त्यांच्यावर ढकलला. मागणी समजून भरून राहिलेत ते."

"हौ. अन् भरतील. जन्मभर मनात ठेवतील अन् भरतील." चाचा दाराकडं बघून म्हणाले, "गाडी सुरू झाली बेटा."

काचेतून दिसत होतं. मामा पुढच्या सीटवर. ड्रायव्हर आरसा नीट करून राहिला होता. गाडी एकदा हलली की शालूची गोष्ट नांदेडात जाणार, अन् हा माणूस चाकूरला जाऊन बायकोला सांगणार की तुझी साडी आवडली न्हाई म्हणून ठेवून आलो.

पळत जाऊन थांबवलं असतं तर? "ओ मामा, बिलात तेवीस हजार कमी लागलेत" म्हणल्यावर जगात कोण गाडीतून उतरतं?

मी माईक घेतला. ऑफर सांगायचा माईक, त्याचा भोंगा बाहेर दारावर हाय. तीनदा फुंकलं.

"हां... हां... ऐका. नांदेडचे पाव्हणे. बस्त्याची भेट घेतल्याबिगर जायचं न्हाई. मालक सोता बोलून राहिलोय. आत या." अन् शेवटी खोकलो.

पॅकिंगवाल्या तायांच्या हातातली दोरी तशीच राहिली. काकांनी वर छताकडं बघितलं. बाहेर गाडीचा दरवाजा उघडला.

मामा आले, मागून त्यांची बहीण, नवरदेवाची आई. ठसठशीत कुंकू, खांद्यावर पदर, सकाळपासून शालूसाठी दोन तास गादीवरून न उठलेली बाई.

"कुठंय मालक? काय देताव, बॅग का घड्याळ?" मामा.

"मामा, भेट देतो. पण आधी एक चूक दुरुस्त करायचीय. माझी चूक हाय." माझा स्वतःचा आवाज मलाच वळखू येईना, इतका बारीक झाला होता. "नवरीचा शालू अन् साड्या तुमच्या बिलात यायला पायजे होत्या. ह्यांच्या बिलात गेल्या."

मामांच्या मागं उभं राहून काका मला हातानं खुणावून राहिले होते. नको. नको. बोलू नको.

मामांनी पावती काढून माझ्यापुढं नाचवली. "हे काय हाय? बिल छापलं. पैसे गेले. शिक्का बसला. आता ह्याच्यात खाडाखोड न्हाई. आमच्या नांदेडात असलं चालत न्हाई."

"मामा, रिवाज..."

"रिवाज तू शिकवतोस मला? चूक दुकानाची, दुकान भरंल. तुझ्या पगारातून भर." अन् मंग त्यांनी मान वळवली. आवाज एकदम मऊ केला. "अन् पाव्हण्यांनी तक्रार केली का? त्यांनी खुशीनं घेतला असंल लेकीला. काय पाव्हणं? खुशीनंच घेतला न?"

सगळ्यांनी काकांकडं बघितलं. मी, चाचा, दोघी ताया. दारात कुणीतरी येऊन उभं राहिलं होतं, मला बघायचं धाडस झालं न्हाई. मला एवढंच कळून राहिलं होतं की आता हा माणूस "हाव" म्हणला की संपलं. त्यांच्या तोंडचा शब्द माझ्या कुठल्याच बटणानं मागं येणार न्हाई.

काकांनी बोटं पँटीला पुसली.

"हाव," म्हणाले. "राहू द्या. आपल्याच लेकराला हाय."

"झालं तर मंग!" मामांनी पावती खिशात कोंबली.

मला काय सुचलं कुणास ठाऊक. मी मामाशी बोलायचंच सोडलं. चाकूरचं बिल उचललं अन् नवरदेवाच्या आईच्या हातात दिलं. "मावशी, तुम्ही एकदा वाचता का? सगळ्यात वरची ओळ."

त्यांनी कागद डोळ्यांपासून लांब धरला. वाचलं.

"म्हणजे शालू आमच्याकडचा न्हाई?"

"अक्का, चल, गाडी उन्हात हाय," मामा म्हणाले.

"थांब तू. दोन तास बसून मी निवडला. चौदा शालू अंगावर टाकून बघितले. भावकीत सगळ्यांना फोनवर फोटो धाडला, आमच्या सुनेचा शालू म्हणून. अन् तो ह्यांनी घेतला?" त्यांचा आवाज चढत गेला. "उद्या मांडवात बाया विचारतील न मला, सासरचा शालू कुठाय म्हणून! काय सांगू? माझा भाऊ विसरला सांगू?"

"अक्का, घाईत लक्ष न्हाई गेलं..."

"टॉवेल तीनदा मोजलास!"

मामांनी पंख्याकडं बघितलं, पण नांदेडचं काही आठवलं न्हाई त्यांना. ज्या माणसानं एकविसावा टॉवेल सोडला न्हाई त्याला शालू नसलेला दिसला न्हाई का, हे मला आजवर माहीत न्हाई. अक्काला माहीत असावं.

"विहीणबाई, असू द्या हो," काका परत म्हणाले. "माझ्यापाई भांडू नका."

"तुमच्यापाई न्हाई पाव्हणं. माझी सून माझ्या घरच्या शालूत अक्षता घेणार. तुमचा शालू तिनं कशाला नेसावा? तुमच्या लेकीला उघडी नेऊन राहिलो का आम्ही?" अन् भावाला, "काढ फोन."

मामांनी फोन काढला. पिन चुकला. परत चुकला. तिसऱ्या वेळी अक्कानं त्यांच्या हाताकडं असं बघितलं की बरोबर आला.

आता बिल मोडायला पासवर्ड पायजे होता, म्हणून मी मान वर केली. दारातला माणूस पुढं आला. कपाळाला तीन पट्टे. हातात जेवणानंतरचं पान तसंच, न खाल्लेलं.

"चौकात रिक्षातून उतरलो," आप्पा माझ्याजवळ येऊन हळू बोलले, "तर मीच माईकवर बोलून राहिलोय."

मी खाली बघितलं.

"आप्पा," चाचा गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "आपकीच आवाज थी. हम सब सुने."

आप्पांनी एका हातानं बटणं झाकून दुसऱ्यानं पासवर्ड मारला. मी छताकडं बघत उभा. दोन्ही बिलं मोडली, दोन्ही नव्यानं चढवली, गठ्ठ्यातलं कापडही इकडचं तिकडं केलं. ह्या वेळी चाचा शेजारी बसून प्रत्येक ओळीला माझ्या मांडीला चिमटा काढत होते. "दुल्हन?" "दूल्ह्याचं बिल, चाचा." "दूल्हा?" "दुल्हनचं." चिमट्याचा डाग चार दिवस राहिला.

नांदेडवाल्यांचं झालं एकोणऐंशी हजार नऊशे पन्नास. आधीचे वजा जाऊन तेवीस हजार चारशे पन्नास आले. मामा निघाले, अन् दारातून परत वळले.

"भेट?"

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. मालक सोता बोलले होते भोंग्यावर, आता मागं कसं घेणार. शेल्फवरून मोठी बॅग काढून मामांच्या हातात दिली, वर नमस्कार केला. मामांनी चेन उघडून बघितली, बंद केली, परत उघडली. अक्का आधीच गाडीत जाऊन बसल्या होत्या.

मंग काकांचं बिल. त्या तीन वस्तू मी काढल्याच न्हाईत. साडी, घागरा, ड्रेस, तिन्ही गठ्ठ्यात ठेवूनच छापलं. काकांनी कागद घेतला. चौसष्ट हजार शंभर. ह्या वेळी त्यांनी सगळं वाचलं, ओठ हलवत, काळ्या नखाचं बोट ओळीखालून सरकवत. शालू कुठंच न्हाई हे दोनदा बघितलं. सूट हाय, शेरवानी हाय, मोजे हायेत. घागऱ्याच्या ओळीवर बोट थांबलं. मंग पुढं सरकलं.

आतून त्यांची मालकीण अन् धाकटी गठ्ठ्याशी आल्या. पोरीनं घागऱ्याची पिशवी ओळखली अन् उचलून छातीशी धरली. तिला काहीच माहीत नव्हतं. काकांनी तिच्याकडं बघितलं न्हाई, बिलाकडंच बघत राहिले.

मी म्हणलं, आता काहीतरी बोलतील. मला शिव्या देतील, न्हाईतर आभार मानतील. मी दोन्हीला तयार होतो.

काकांनी बिल काउंटरवर ठेवलं, हाताचा तळवा त्यावर आपटला, अन् सकाळपासून पहिल्यांदा अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"आप्पा! वरचे शंभर सोडा की!"

"बस्त्यात काय उरतंय पाव्हणं," आप्पांनी कपाळाला हात लावला. "एक बॅग आत्ताच गेली."

"ती बॅग त्यांना गेली. मला काय?"

"चहा पाजला चारदा."

"साखर कमी होती चहात!"

पंधरा मिनिटं भांडून राहिले दोघं. मालकीण मधूनच म्हणायची, "जाऊ द्या हो शंभर," अन् काका, "तू गप, मी बोलून राहिलोय न." मी मधे एक शब्द टाकला न्हाई. हात मांडीवर ठेवून नुसता ऐकत बसलो. कितीतरी बस्त्यांची भांडणं मी ऐकलीत अन् नकला करून विकलीत, पण ते भांडण संपू नये असं वाटत होतं.

शेवटी शंभर सुटले. काकांनी हजार रुपये परत घेतले, दोनदा मोजले, पिशवीत टाकले. ती बॅग अन् ते शंभर पहिल्या तारखेला माझ्या पगारातून गेले. आप्पांनी पाकीट देताना तीनदा फुंकलं, "हां... हां... ऐका" म्हणले, अन् खोकले.